भिंतीनं मोजलेलं मैदान

आधी गुन्हा कबूल करते, बाकीचं नंतर. आमच्या वस्तीतल्या शाळेचं मैदान जात होतं, आणि ते घालवायला निघालेली मी होते. गंमत म्हणजे तेव्हा मी मैदान वाचवत होते. तसं मला वाटत होतं, वस्तीला वाटत होतं, आणि पत्रकावर तर तसं ठळक अक्षरात छापलेलंच होतं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हाच उद्योग आहे. नळाला पाणी नाही, लिही पत्रक. नाली तुंबली, लिही पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाही, पत्रक. सदर भागातल्या एका बोळातल्या छापखान्यात मला पाहिलं की तिथले काका न विचारता गुलाबी कागद काढतात. पत्रकाची एक शिस्त असते. वर एक घोषणा, खाली चार ओळी, शेवटी कुठं आणि किती वाजता जमायचं ते. त्यात शंकेला जागा ठेवायची नसते. मी शंका न ठेवता लिहायला शिकले. पुढे शंका न ठेवता विचारही करायला लागले, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

आमची वस्ती विणकरांची. होती, असं म्हणायला हवं. माझ्या लहानपणी गल्लीत तीन-चार माग खटखटत होते, आता एकही नाही. बाबांनी पंधरा वर्षं लुगडी विणली आणि नंतर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वॉचमन झाले. वस्तीच्या टोकाला महापालिकेची शाळा, आणि शाळेसमोर मैदान. बत्तीस मीटर लांब, अठ्ठावीस रुंद. हे आकडे मला आज झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. तेव्हा माहीत नव्हते, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

झालं असं की वस्तीसाठी पाण्याची मोठी टाकी मंजूर झाली आणि जागा ठरली शाळेचं मैदान. टाकी नको म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, आणि म्हणूही नये. टँकरमागे गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन पळणाऱ्या बायांना मैदानाचं महत्त्व सांगायला गेलं तर त्या गुंडच डोक्यात घालतील. पण शाळेतल्या मुलींची खो-खोची टीम होती, आणि ती त्याच मातीत तयार झाली होती. नकाशात टाकी बरोबर मैदानाच्या मधोमध होती. मग महापालिकेच्या ऑफिसनं सुचवलं की समोरचं मैदान पूर्ण आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात शाळेच्या मागे नाल्याला लागून जी जागा आहे ती घ्या.

बदल्यात म्हणजे किती? हा प्रश्न मी विचारला. एवढं श्रेय मला द्या. मग एका रविवारी बाबांना घेऊन मैदान मोजायला गेले. बाबा रात्रपाळी करून आले होते, अंगात वॉचमनचा निळा शर्ट तसाच. मी म्हटलं, "बाबा, मोजायचं कसं हे एवढं?"

"मोजाचं काय त्याच्यात?" बाबा म्हणाले. "लुगडं कसं मोजतो आपण? लांबी धराची. भिंतीच्या कडेकडेनं दोरी घेऊन चाल, जेवढी दोरी तेवढं मैदान."

"आणि रुंदी?"

"पन्हा कोण मोजते वं? तो त मागानंच ठरवून देल्ला रायते."

हे ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी एकदा विणकराच्या घरात राहून पाहावं. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ती मागाच्या चौकटीनं ठरते, विणकर मरेपर्यंत तीच राहते. म्हणून आमच्या घरात आजोबा, पणजोबा, सगळ्यांनी आयुष्यभर फक्त लांबी मोजली. नऊ वार म्हटलं की नऊ वारच, किती रुंद हे कोणी विचारलं नाही. त्यात काही चूक नव्हती. कापडाला तो हिशोब बरोबर होता. मी तो उचलून जमिनीला लावला.

आम्ही दोघं भिंतीच्या कडेनं दोरी घेऊन फिरलो. एकशे वीस मीटर भरली. आणि तिसऱ्या दिवशी गुलाबी कागदावर माझी घोषणा वस्तीभर गेली. शाळेची भिंत एक हातही घटू देणार नाही. खाली मागणी स्पष्ट होती. जुन्या मैदानाभोवती जेवढी भिंत, तेवढीच भिंत नव्या मैदानाभोवती मिळाली पाहिजे. मोर्चा काढला. बाया आल्या, पोरं आली, बाबा सुट्टी टाकून आले. पंधरा दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं. मागची जागा बावन्न मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे. तिच्याभोवती एकशे वीस मीटर भिंत बांधून देण्यात येईल. मागणी पूर्णतः मान्य. पुढच्या सोमवारी शाळा समितीनं सही करावी.

आम्ही चौकात फटाक्यांची लड लावली. मला दोन बायांनी उचललं, खरंच उचललं.

त्याच गर्दीतून शाळेतल्या पाचवीच्या बाई माझ्याकडे आल्या. लहानपणी मी त्यांच्याच वर्गात होते. त्या हसल्या नाहीत, अभिनंदन केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता वर्गात ये. पत्रक घेऊन ये आणि जीन्स नको घालू, खाली बसा लागते."

मला वाटलं सत्कार असेल.

वर्गात गेले तर बाकं भिंतीला लावलेली आणि छत्तीस पोरी जमिनीवर. शाळेला गणिताची एक पेटी मिळालेली आहे, प्लास्टिकच्या रंगीत चौकोनांची. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असते, कारण एखादा चौकोन हरवला तर जबाबदार कोण! ह्या देशात पोरांच्या हाताला लागू नये म्हणून किती वस्तू मुलांच्या नावानं विकत घेतल्या जातात, ह्यावर मला एक स्वतंत्र पत्रक लिहायचं आहे. पण बाईंना पेटीची गरज नव्हती. वर्गाच्या जमिनीला फूटभराच्या चौकोनी टाइल्स होत्या. त्यांनी त्याच वापरायच्या ठरवल्या होत्या. प्रत्येक चार पोरींच्या गटात सुतळीचा एक बंद फेर, गाठ मारलेला. फेर बरोबर चोवीस टाइल्सच्या कडांइतका लांब.

"ही आपल्या वस्तीची पत्रकवाली ताई," बाईंनी ओळख करून दिली. "आज तीही विद्यार्थी. कोणत्या गटात घेता?"

"आमच्यात येऊ द्या," एक पोरगी म्हणाली. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर खरचटल्याची ताजी खूण. ही खो-खोची कप्तान, हे मला नंतर कळलं. पण ती बोलली की बाकीच्या गप्प होतात, हे लगेच कळलं.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. सूत्र सांगितलं नाही. म्हणाल्या, "प्रत्येक गटाकडे सारखीच सुतळी आहे. तिचं मैदान करा. टाइल्सच्या रेघांवर ठेवा, चौकोनी. मंग आत किती टाइल्स मावल्या मोजा. ज्याच्या मैदानात जास्त, तो जिंकला."

"बाई, सुतळी सारखीच त टाइल्सही सारख्याच मावतीन ना," मी म्हणाले. मोठ्या आवाजात. मोर्च्याच्या आवाजात.

बाई म्हणाल्या, "करून पाय."

आमच्या गटानं सुतळी ताणली. कप्तान चारही कोपऱ्यांवर पोरी बसवत होती. "तू धर, सोडू नोको. तू तिकडं सरक. ताई, तुमी त रेघेवर बसल्या आहा, उठा ना." आम्ही सहा बाय सहाचा चौरस केला. आत छत्तीस टाइल्स. शेजारच्या गटानं आठ बाय चार केलं होतं, त्यांच्या बत्तीस. दाराजवळच्या गटानं लांबट केलं, दहा बाय दोन, त्यांच्या वीसच.

मी पुन्हा मोजल्या. मला वाटलं पोरींनी सुतळीत गडबड केली. दाराजवळच्या गटाची सुतळी उचलून आमच्या सुतळीला लावून पाहिली. तंतोतंत सारखी.

"सुतळी चोरली नाई ताई आमी," त्या गटातली एक म्हणाली. सगळा वर्ग हसला.

"बाई, याच्यापेक्षाही कमी करता येते," कप्तान म्हणाली. तिनं आमच्या फेराचे कोपरे ओढले आणि अकरा बाय एक अशी एकच ओळ केली. अकरा टाइल्स. "पाहा, सुतळी तेवढीच, मैदानाची गल्ली झाली."

बाईंनी मग विचारलं, "कडेकडेनं फिरली ती सुतळी काय, आणि आत मावल्या त्या टाइल्स काय? घरातल्या कोणत्या वस्तूत दोन्ही दिसते?"

एक म्हणाली, "लुगडं! काठ म्हणजे सुतळी, मधलं कापड म्हणजे टाइल्स."

"नाई वं," दुसरी म्हणाली, "लुगड्याले काठ दोनच अंगानं असते. चारी बाजूनं कुठं असते?"

"मंग रुमाल घे ना. तुह्या नाकाले लावते तो."

पुन्हा हशा. बाईही हसल्या. म्हणाल्या, रुमाल बरोबर आहे. कडेची शिवण किती लागली ती परिमिती, आणि कापड किती लागलं ते क्षेत्रफळ. शब्द सगळ्यात शेवटी आले. माझ्या वेळी शब्द आधी आले होते आणि शेवटपर्यंत शब्दच राहिले होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आता तुह्या पत्रकातलं मैदान काढ."

टाइलची एक कड म्हणजे चार मीटर, असं ठरवून पोरींनी नवीन सुतळी कापली. जुनं मैदान आठ बाय सात. छप्पन टाइल्स. ऑफिसनं दिलेलं मैदान तेरा बाय दोन. मी गुडघ्यांवर बसून मोजत होते आणि मला उत्तर मोजायच्या आधीच दिसत होतं. सव्वीस.

छप्पनचे सव्वीस. निम्म्याहूनही कमी. आणि सुतळी तीच. माझी घोषणा तंतोतंत पाळली गेली होती.

कप्तान माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला पत्रकातलं काही माहीत असेल नसेल, पण दोन टाइल्स रुंद म्हणजे काय हे तिला बरोबर समजलं होतं. "आठ मीटर?" ती म्हणाली. "ताई, मधात खो-खोची पाटी आखली त दोन्ही बाजूनं चार-चार मीटर राहीन. पळाव का नाल्यात उडी माराव?"

मी सुतळी गुंडाळायला लागले.

तास सुटल्यावर मी बाईंवर चिडले. खरं सांगते, आभार मानायच्या आधी चिडले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर मोर्च्याच्या आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "पत्रक वाचलं तवा मलेही बरोबरच वाटलं. ऑफिसचं पत्र आलं, त्याच्यात आठ मीटर वाचलं, तवा खटकलं. मंग रातभर पानावर चौकोन काढत बसली."

"पण बाई, मला ह्याच वर्गात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते गणितात."

"हाव. मीच देल्ले ते. लांबी गुणिले रुंदी, दहा वेळा लिहून घेतलं तुमच्याकडून. तुले पाठ होतं, समजलं नव्हतं. त्याच्यात अर्धी चूक माही आहे."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी त्यांच्यापुढे जन्मभर मान झुकवायला तयार झाले. वीस वर्षं क्षेत्रफळ शिकवल्यावर त्यांनी स्वतःच्या घरात फरशी बसवायला काढली. टेप घेऊन खोलीच्या चारही भिंतींच्या कडेनं माप घेतलं आणि तेवढ्या फुटांच्या टाइल्स आणवल्या. मिस्त्रीनं ढीग पाहिला आणि म्हणाला, मॅडम, ह्या तर भिंतीच्या खालच्या पट्टीच्या झाल्या, खोलीच्या कुठं आहेत? "त्या मिस्त्रीले माहीत नव्हतं मी काय शिकवतो ते," बाई म्हणाल्या. "मी सांगितलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात आली आणि बाकं भिंतीले लावले."

एवढं कोण कबूल करतं? मी सभांमध्ये गेलेली आहे, पुढाऱ्यांची भाषणं ऐकलेली आहेत, स्वतः भाषणं केलेली आहेत. माझं चुकलं आणि म्हणून मी माझं काम बदललं, हे वाक्य मी स्टेजवरून एकदाही ऐकलेलं नाही. मी ते एका पन्नाशीतल्या बाईंकडून रिकाम्या वर्गात ऐकलं. डस्टर झटकत बोलल्या त्या, जणू भाजीचा भाव सांगताहेत.

सोमवारला तीन दिवस होते. आणि आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. पहिल्या संध्याकाळी मी कोणालाच काही सांगितलं नाही. मनात हिशोब चालू होता. समिती सही करेल, भिंत बांधली जाईल, लोकांनी मला उचललेलं आहे, कोणाला कळणार? वर्षभरानं कळलं तर ऑफिसला शिव्या देता येतील. पत्रकं लिहिणाऱ्याला शिव्यांची जागा बदलणं फार सोपं असतं. मी चुकले म्हटलं की पुढच्या मोर्च्याला कोण येईल, ही भीती होती. आणि समोर ती दोन वेण्यांची पोरगी दिसत होती, चार मीटरमध्ये पळणारी.

शेवटी बाबांना सांगितलं. जमिनीवर सुतळी मांडूनच सांगितलं, कारण तोंडानं सांगितलं असतं तर मीही गोंधळले असते. बाबा उकिडवे बसून पाहत राहिले. मी लांबट चौकोन केला तसे ते एकदम म्हणाले, "अवं, यानं त पन्हा चोरला!"

मी दोन दिवसांत जे चार वाक्यांत बसवू शकले नव्हते ते बाबांनी एका वाक्यात बसवलं. नऊ वारी लुगडं हातभर रुंदीचं विणून दिलं तर बाई नेसेल काय, असं त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला. "आन म्याच तुले सांगितलं, पन्हा कोण मोजते म्हणून." मी म्हटलं, बाबा, छापलं मी. ते म्हणाले, "मंग आता खरं छाप. उद्या मी वाटतो तुह्यासोबत."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक मी त्या रात्री लिहिलं. वर घोषणा नव्हती. लिहिलं होतं की आधीच्या पत्रकातली मागणी चुकीची होती, ती मी केली, भिंत तेवढीच राहून मैदान निम्म्याहून कमी होतं आहे, आणि हे डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी सोमवारी शाळेत यावं. खाली दोन चौकोन काढले. छापखान्यातले काका दोनदा वाचून म्हणाले, "गुलाबीच देऊ का याले?" मी म्हटलं, गुलाबीच द्या, लोक ओळखतात.

ज्या दारांवर आधी गेले होते त्याच दारांवर गेले. बाबा सोबत होते, नव्या लुगड्याची घडी द्यावी तसा दोन्ही हातांनी कागद देत होते. कोणी टोमणा मारला. एका मावशीनं तर विचारलं, "आमी तुले उचललं ते परत खाली ठेवाव का वं?" मी म्हटलं, ठेवा मावशी. पण शिवी कोणी दिली नाही. आणि सोमवारी पहिल्या मोर्च्यापेक्षा जास्त लोक आले. मला हे अजून नीट उलगडलेलं नाही. त्या लोकांचे उपकार मी कोणत्या कागदावर छापू?

सोमवारी ऑफिसचे इंजिनियर साहेब आले. तरुण माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीत होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या पत्रकात भिंत लिहिली होती. मी भिंत दिली. मैदान मागितलं असतं तर मैदानाचा विचार केला असता."

"बरोबर आहे साहेब," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पण सही अजून झालेली नाही."

"मग टाकी कुठं ठेवू? बारा बाय बाराची जागा पाहिजे मला. मैदानाच्या मधात टाकली की खेळायला काहीच उरत नाही, म्हणून तर मागची जागा देऊन राहिलो."

बाईंनी पोरींकडे पाहिलं. पोरींनी अठ्ठेचाळीस मीटर सुतळीचा एक मोठा फेर करून आणला होता. चार पोरी चार कोपरे धरून मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. ही टाकी. बाकीच्या त्याच्याभोवती खो-खोची पाटी आखायला गेल्या आणि कुठंच बसेना. लोक पाहत होते. टँकरमागे पळणाऱ्या बायाही पाहत होत्या.

"साहेब, मधातच काहून पाहिजे?" कप्तान म्हणाली. आणि साहेबांच्या उत्तराची वाट न पाहता तिनं हुकूम दिला, "चला वं, उचला टाकी!"

चार पोरी कोपरे ताणून धरत चालू लागल्या. ती सुतळीची टाकी मैदानावरून तिरकी तिरकी सरकत गेली आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात जाऊन दोन भिंतींना टेकली. उरलेल्या जागेत बत्तीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद अशी अखंड माती राहिली, शिवाय टाकीशेजारी एक तुकडा अजून. कप्तान त्या मातीत पळत गेली, वळली, पळत आली. "बसते बाई! पुरी पाटी बसते!"

साहेबांनी खिशातून वही काढली. त्यांनी भिंतीचा हिशोबही केला, सवयीनं, आणि एकदम हसले. टाकीचा कोपरा बाहेर सोडून मैदानाची भिंत आत वळवली तरी एकशे वीसच भरत होती. "पोरींनो, जुनं मैदान, मागची जागा, आताचं हे, भिंत तीनही वेळा तेवढीच," ते म्हणाले. हे ऐकून सगळ्यात जास्त मान खाली गेली ती माझी. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. म्हणाले, कोपऱ्यातली माती तपासावी लागेल, वजन पेलते का ते पाहावं लागेल, आज मी शब्द देत नाही.

शब्द न देणाऱ्या साहेबांबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. सही त्या दिवशी झाली नाही.

दीड महिना गेला. माती पास झाली. सगळं काही मिळालं असं नाही. कोपऱ्यातला कडुलिंब जाणार होता. त्याच्या सावलीत पोरी खिचडी खायच्या. मी त्याच्यासाठी भांडले आणि हरले, त्याचा राग अजून आहे. बायांनी मला स्पष्ट सांगितलं, झाड लावता येते, पाणी लावता येत नाही.

ज्या दिवशी जागा आखायची होती त्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. साहेब आले होते, सोबत आखणीच्या पांढऱ्या फक्कीची बादली घेतलेला मजूर. सुट्टी नव्हती तरी बाईंनी पूर्ण वर्ग बाहेर आणला होता. मुख्याध्यापकांनी दारातून विचारलं, हा कोणता तास? बाई म्हणाल्या, गणिताचा. मजुरानं बारा मीटर मोजून पांढरी रेघ ओढली, काटकोनात वळून परत बारा मीटर. साहेब म्हणाले, "झालं. या रेघेवरून भिंत उठेल."

कप्तान टेप घेऊन रेघेजवळ उकिडवी बसली. "साहेब, भिंत किती जाड?"

"नऊ इंच. पाव मीटर धर."

"मंग ही रेघ भिंतीच्या कोणत्या अंगानं? टाकीकडून का आमच्याकडून?"

साहेबांनी रेघेकडे पाहिलं. "टाकीकडून," ते म्हणाले. "टाकीला आतून पूर्ण बारा पाहिजे."

"म्हणजे भिंत आमच्या मैदानात." ती मागे वळली. "किती होते वं?"

मागच्या पोरींनी बोटं मोजली. दोन जणी जमिनीवर काडीनं आकडे काढत होत्या. एक ओरडली, "चोवीस मीटर लांब, पाव मीटर रुंद. सहा!"

"सहा काय?" बाईंनी विचारलं.

"सहा चौरस मीटर, बाई."

"सहा चौरस मीटर, साहेब," कप्तान म्हणाली. "आमच्या घरची आंघोळीची जागा एवढी नाई. फुकटात काहून द्याची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल हे मी शिकवून पाठवलं आहे. मी दोन्ही हात वर केले. मला तर रेघेला जाडी असते हेही सुचलं नव्हतं. बाई कडुलिंबाखाली उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, हसू दिसू नये म्हणून.

"टाकीला पावणेबारा चालेल का बघतो," साहेब म्हणाले. नकाशा उघडून त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. बराच वेळ पेन्सिलीनं काहीतरी केलं. मग मजुराला म्हणाले, "पुसा ही. पाव मीटर आत घ्या."

मजुरानं चपलेनं फक्की पुसायला सुरुवात केली. पोरी त्याच्या दोन्ही बाजूंनी टेप धरून चालत होत्या, आणि कप्तान त्याला सांगत होती, "काका, सरळ घ्या. तिकडं जाऊन राहिली रेघ."